फुंकवाद्याचा संकेत संगणकावर नव्याने जुळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागात इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्य हातात घेणारे बहुतेक जण त्याआधी दुसरे काहीतरी वाजवत आलेले असतात. कोणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेली असते, कोणी देवळातल्या भजनात बासरीची साथ केलेली असते, तर कोणाच्या घरात सनई पिढ्यांपासून असते. असे वाद्य संगणकाला जोडले की आवाज येतो, पण तो फुंकेबरोबर हलत नाही, किंवा नको तेवढा हलतो. मग जवळपास एकच तक्रार निरनिराळ्या प्रश्नांच्या रूपाने माझ्याकडे येते. त्या प्रश्नांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

फुंकेचा संकेत म्हणजे नेमके काय असते? संगणकात हवा जाते का?

हवा जात नाही आणि आवाजही जात नाही. जातात ते फक्त आकडे. वाद्याच्या मुखाजवळ हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. त्याचे मोजमाप वाद्यातील चिप आकड्यात बदलते आणि ते आकडे मिडी या पद्धतीने संगणकाकडे पाठवते. मिडी हे मानक १९८३ साली आले आणि त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स७ या कीबोर्डला फुंकेचे उपकरण जोडण्यासाठी वेगळी खाच होती. मिडीच्या नियंत्रण क्रमांकांत, म्हणजे कंट्रोल चेंज किंवा बोलीतल्या ‘सीसी’ क्रमांकांत, २ हा क्रमांक तेव्हापासून फुंकेच्या नावावर आहे. पुढे १९८७ मध्ये यामाहाचे डब्ल्यूएक्स७ आणि अकाईचे ईडब्ल्यूआय आले, आणि आज मिळणारी बहुतेक वाद्ये त्याच वाटेने चालतात.

प्रत्येक सीसीचा आकडा ० ते १२७ या मर्यादेत असतो. वाद्य एवढेच सांगते की ‘क्रमांक २ चा आकडा आता ७४ आहे’. त्या ७४ चे काय करायचे, आवाज मोठा करायचा, स्वराची धार वाढवायची की दुर्लक्ष करायचे, हे सर्वस्वी ऐकणारे सॉफ्टवेअर ठरवते. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील या अंतरावर पूल बांधण्याच्या कामाला मी येथे फेरजुळणी म्हणतो.

फेरजुळणीत नक्की काय काय बदलता येते?

चार गोष्टी बदलता येतात. सीसीचा क्रमांक बदलता येतो, म्हणजे २ चा ११ करता येतो. पल्ला बदलता येतो, म्हणजे तुमची फुंक १० ते ९० मध्येच फिरत असेल तर तिला ० ते १२७ पर्यंत ताणता येते. वक्र बदलता येतो, म्हणजे हळू फुंकेला जास्त वाव द्यायचा की जोरदार फुंकेला, हे ठरवता येते. आणि आकड्यांच्या उड्या मऊ करता येतात. पहिली गोष्ट पाच मिनिटांत होते. खरा वेळ जातो तो दुसरी आणि तिसरी ठरवण्यात, म्हणून पुढे त्यांच्यावर जास्त लिहिले आहे.

सुरुवात कोठून करावी?

काहीही बदलण्याआधी आकडे डोळ्यांनी पाहा. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर हे मोफत मिळणारे प्रोग्रॅम येणारा प्रत्येक संदेश ओळीने दाखवतात. वाद्य जोडा, एकच स्वर धरा आणि तीन प्रकारे फुंका: आवाज जेमतेम निघेल इतके हळू, नेहमीच्या वाजवण्याइतके, आणि दम लावून. तिन्ही वेळी दिसलेले आकडे वहीत लिहून ठेवा. शेवटी अजिबात न फुंकता वाद्य टेबलावर ठेवा आणि तेव्हाही काही आकडे येतात का ते बघा. एवढ्या नोंदीवर पुढचे सगळे गणित उभे राहते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी ही वही उघडताक्षणी मिटतात, कारण मुळात वाद्य क्रमांक २ वर बोलत असते आणि सॉफ्टवेअर क्रमांक ११ कडे कान लावून बसलेले असते.

पडद्यावर एकही आकडा आला नाही तर आधी केबल बदला. एका दुकानातून घेतलेल्या केबलने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. तिच्यातून फक्त चार्जिंग होत होते, माहिती जाणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच.

फुंक कोणत्या क्रमांकावर पाठवावी?

हे तुमचे ध्वनी, म्हणजे संगणकातील वाद्यांचे तयार आवाज, कोणत्या क्रमांकाला प्रतिसाद देतात यावर अवलंबून आहे. फुंकवाद्यांसाठीच बनवलेले ध्वनी बहुधा २ किंवा ११ ऐकतात. ११ हा एक्स्प्रेशनचा, म्हणजे वाजवताना होणाऱ्या चढउताराचा क्रमांक आहे. वाद्यवृंदाच्या अनेक ध्वनिसंग्रहांत आवाजाचा जोर आणि पोत क्रमांक १ वर, म्हणजे मॉड्युलेशनच्या चाकावर ठेवलेला असतो, त्यामुळे तेथे २ चा १ करावा लागतो. काही जुने सिंथेसायझर फुंकेऐवजी आफ्टरटच, म्हणजे पट्टी दाबून धरल्यावरचा बोटाचा दाब, मागतात. तो सीसी नसून वेगळ्या जातीचा संदेश आहे, पण फेरजुळणीच्या बहुतेक साधनांना हे रूपांतर जमते.

क्रमांक ७ वर मात्र फुंक पाठवू नये. ७ हा त्या चॅनेलचा मूळ आवाज आहे, मिक्सिंगमध्ये एकदा ठरवून ठेवायचा. फुंक त्यावर सोडली की गाण्यात त्या वाद्याची पातळी धरून ठेवायला जागाच उरत नाही. ७ हा नळाचा मुख्य कॉक समजावा आणि ११ ही तोटी; दोन्ही सतत फिरवत बसलो तर पाणी किती येते ते कोणालाच कळणार नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. खात्री नसल्यामुळे लोक २ आणि ११ दोन्ही एकाच वेळी पाठवतात आणि ध्वनीमध्ये दोन्ही क्रमांक आवाजाच्या पातळीलाच जोडलेले असतात. जनरल मिडीच्या शिफारशीप्रमाणे ६४ या आकड्याला आवाज पूर्ण पातळीपेक्षा सुमारे १२ डेसिबलने खाली जातो. दोन नियंत्रणांनी तोच आवाज दोनदा कापला तर घट २४ डेसिबल होते. मग वादक म्हणतो की मध्यम फुंकेला आवाजच येत नाही आणि जोराने फुंकले की कानठळ्या बसतात. वाद्य निर्दोष असते. एकच फुंक दोन दरवाज्यांतून आत शिरत असते. दोन क्रमांक हवेच असतील तर एक आवाजाला आणि दुसरा फिल्टरला, म्हणजे स्वराच्या धारेला जोडावा. खऱ्या सनईतही जोर वाढला की स्वर नुसता मोठा होत नाही, तो तेजही होतो, त्यामुळे ही जोडी कानाला पटते.

पल्ला कसा काढायचा?

वहीतील नोंद येथे कामाला येते. समजा तुमची सर्वांत हळू उपयोगी फुंक ८ आहे आणि दम लावून ९६ पर्यंत जाता. येणाऱ्या आकड्यातून ८ वजा करा, उरलेल्याला १२७ ने गुणा आणि ८८ ने भागा, कारण ९६ उणे ८ म्हणजे ८८. या हिशेबाने ५२ हा आकडा ६३.५ वर, म्हणजे बरोबर मध्यावर येतो. ८ च्या खालचे सगळे ० धरायचे आणि ९६ च्या वरचे सगळे १२७. बहुतेक साधनांत हे गणित तुम्हाला करावे लागत नाही, वरची आणि खालची मर्यादा भरली की पुरते. पण आत काय घडते ते माहीत असले तर चूक लवकर सापडते.

वरची मर्यादा ठरवताना एक पथ्य पाळावे. तुमच्या कमाल आकड्याच्या थोडी वरच मर्यादा ठेवा, नेमकी तेथेच ठेवू नका. कार्यक्रमात माणूस घरच्यापेक्षा जोराने फुंकतो आणि मर्यादा तंतोतंत असेल तर प्रत्येक लांब स्वर १२७ ला डोके टेकवून सपाट होतो.

वक्र म्हणजे काय आणि माझ्यासाठी कोणता योग्य?

पल्ला दोन टोके ठरवतो आणि वक्र मधला रस्ता ठरवतो. सर्वांत सोपा वक्र घातांकाचा असतो: येणाऱ्या आकड्याला १२७ ने भागा, येणाऱ्या अपूर्णांकाचा ठरलेला घात घ्या आणि पुन्हा १२७ ने गुणा. घात १ असेल तर रेषा सरळ राहते. घात ०.५ असेल तर ३२ चा ६४ होतो, म्हणजे हळू फुंकेलाही आवाज पटकन वर येतो. घात २ असेल तर ६४ चा ३२ होतो, म्हणजे आवाज अडून बसतो आणि शेवटी एकदम उसळतो.

हे कागदावर कोरडे वाटते, म्हणून दोन माणसांची गोष्ट सांगतो. खानापूर तालुक्यातील एक वयस्क सनईवादक एकदा बेळगावच्या शहापुरातील माझ्या खोलीवर आले. त्यांनी अकाईचे वाद्य हातात घेतले, फुंकले आणि लगेच खाली ठेवले. ‘‘ह्याला दमच लागंना की हो,’’ असे म्हणून ते हसले. मी म्हणालो, ‘‘मामा, जरा हळू फुंकून बघा.’’ त्यावर त्यांचे उत्तर होते, ‘‘हळू फुंकलं तर सनई बोलंल काय?’’ मुद्दा तोच होता. सनईची पत्ती हळू फुंकेला बोलतच नाही. त्यांच्या फुंकेची सगळी कलाकुसर वरच्या पट्टीतच होती. पडद्यावर त्यांचा सर्वांत हळुवार स्वर ६८ दाखवत होता आणि सर्वांत जोराचा १२१. उरलेला खालचा निम्मा पल्ला त्यांच्या दृष्टीने नव्हताच.

त्यांच्यासाठी खालची मर्यादा ६० आणि वरची १२२ ठेवली, आणि घात १.५ दिला. ९१ हा त्यांचा मधला आकडा सरळ रेषेने ६३.५ झाला असता, तो आता ४५ झाला. हळुवार आलापीला जागा मिळाली आणि चढ्या स्वरांना चढायला वाव राहिला. एक किंमत मात्र मोजावी लागली: १२८ पैकी फक्त ६२ पायऱ्या वापरात असल्याने आतला आकडा एकने सरकला की बाहेरचा सरासरी दोनने सरकतो आणि शांत स्वरात ते कानाला जाणवते. त्यावरचा उपाय पायऱ्यांविषयीच्या प्रश्नात आहे.

याच्या उलट बेळगावच्याच हिंडवाडीतील एक बासरीवादक मुलगी. बासरीत दाब फार लागत नाही, ओठांची फट आणि फुंकेचा कोन जास्त काम करतात. तिची नेहमीची फुंक ५ ते ५८ मध्येच फिरत होती आणि सरळ जोडणीत तिचे वादन कुजबुजल्यासारखे वाटायचे. तिला ४ ते ७० हा पल्ला आणि ०.७ घात दिल्यावर ३० हा आकडा ६६ वर येऊ लागला. घरी प्रयोग करताना सुरुवात घात १ ने करावी आणि ०.१ च्या टप्प्याने वर-खाली जावे. एकाच रागाची चार मिनिटांची आलापी प्रत्येक टप्प्यावर वाजवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एका लांब स्वरावरून ठरवलेला वक्र दुसऱ्या दिवशी हमखास चुकीचा वाटतो.

हे बदल वाद्यात करावेत, मध्ये करावेत की ध्वनीच्या प्लगइनमध्ये?

माझे मत ठाम आहे: कोठेही करा, पण एकाच ठिकाणी करा. बहुतेक वाद्यांत संवेदनशीलता आणि वक्र बदलण्याची सोय असते, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि प्लगइनमध्ये, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या आत बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्येही असते. तिन्ही ठिकाणी थोडे थोडे फिरवले की तीन वक्र एकमेकांवर चढतात आणि नेमका कोणी गोंधळ केला ते शोधण्यात रात्र जाते. मी वाद्यात फक्त संवेदक १२७ ला चिकटू नये आणि न फुंकता बोलू नये एवढेच साधतो, प्लगइनचा वक्र सरळ ठेवतो आणि सगळी फेरजुळणी मधल्या एका जागी करतो. ती जागा वेगळ्या प्रोग्रॅमची असू शकते किंवा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधील एका प्लगइनची.

वेगळा प्रोग्रॅम घेतला, उदाहरणार्थ बोमचा मिडी ट्रान्सलेटर, तर त्याच्यापासून पुढच्या सॉफ्टवेअरपर्यंत जाण्यासाठी आभासी पोर्ट, म्हणजे दोन प्रोग्रॅमांना जोडणारी केबलविना वाट, लागतो. मॅकमध्ये आयएसी ड्रायव्हर आधीपासून असतो, फक्त चालू करावा लागतो. विंडोजसाठी लूपमिडी घ्यावे. विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत बहुतेक उपकरणांचा पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, म्हणून ‘पोर्ट वापरात आहे’ अशी सूचना आली तर आधीचा मिडी-ऑक्स बंद केला आहे का ते पाहा.

आणि वादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ वाद्याचा पोर्ट न चुकता बंद करा. तो चालू राहिला तर प्रत्येक स्वर दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा फिरून, आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. आभासी पोर्टचा बाहेरचा मार्ग पुन्हा त्याच पोर्टच्या आत जोडला गेला तर संदेश गोल फिरत राहतात आणि संगणक काही क्षणांत गुदमरतो.

रीपर, क्यूबेस, लॉजिक आणि एफएल स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कसे करतात?

रीपरमध्ये सीसी बदलणारे प्लगइन ट्रॅकवर ध्वनीच्या आधी लावता येतात. क्यूबेसमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर आहे. लॉजिकमध्ये मॉडिफायर नावाचा मिडी प्लगइन सोपा आहे, आणि घातांकाचा वक्र हवा असेल तर स्क्रिप्टरमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात.

एफएल स्टुडिओ आपल्या भागातील मुलांमध्ये फार चालतो, म्हणून त्याची एक खोड सांगतो. त्यात वाद्याचे सीसी आपोआप बाहेरच्या प्लगइनपर्यंत पोहोचत नाहीत. मिडीच्या सेटिंगमध्ये वाद्याला एक पोर्ट क्रमांक द्यावा आणि प्लगइनच्या खिडकीतील सेटिंगमध्ये तोच क्रमांक इनपुट पोर्ट म्हणून भरावा. हे माहीत नसल्यामुळे स्वर वाजतात पण फुंक पोहोचत नाही, आणि दोष बिचाऱ्या वाद्याला दिला जातो.

रेकॉर्डिंग फेरजुळणीच्या आधीचे करावे की नंतरचे?

आधीचे, म्हणजे वाद्यातून आले तसे कच्चे. बदललेली फुंक नोंदवली आणि वक्र चुकला असे महिन्याभराने लक्षात आले, तर १२७ ला कापले गेलेले आकडे परत येत नाहीत. कच्ची फुंक जपली असेल तर वक्र पुन्हा लावून तेच वादन नव्याने ऐकता येते, आणि क्लॅरिनेटऐवजी व्हायोलिनचा ध्वनी घ्यायचा ठरवला तरी त्याला शोभेल तो वक्र देता येतो. रीपरमध्ये इनपुट एफएक्समध्ये, म्हणजे नोंदीआधीच्या साखळीत, लावलेला बदल नोंदीत उतरतो, तर ट्रॅकच्या साध्या एफएक्स साखळीत लावलेला बदल फक्त ऐकू येतो. म्हणून दुसरी जागा निवडावी. लूपमिडीच्या मार्गाने जाणाऱ्यांना हे सुख नाही. त्यांनी निदान वक्राचे आकडे प्रकल्पाच्या नावासह लिहून ठेवावेत.

लांब स्वर धरल्यावर आवाजात पायऱ्या किंवा खरखर का येते?

कारण १२८ पायऱ्या कानाला नेहमीच पुरत नाहीत, विशेषतः पल्ला ताणल्यावर. त्यावर उपाय म्हणजे आकडा नव्या जागी उडी न मारता काही मिलिसेकंदांत सरकत जाईल असे करणे. बऱ्याच प्लगइनमध्ये त्यासाठी स्मूदिंगची खुंटी असते. १५ ते २० मिलिसेकंदांपर्यंत फुंकेची बोच शाबूत राहते. १०० मिलिसेकंदांवर गेलात तर जिभेने तोडलेले स्वर एकमेकांत विरघळतात आणि द्रुत तानेचा चिखल होतो.

गालात हवा धरून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवणाऱ्या सनईवाल्यांना थोडे जास्त स्मूदिंग मानवते, कारण गालातून फुंकतानाची बारीक खळी त्यात भरून निघते. मात्र अकाईसारख्या वाद्यातून हवा फारशी बाहेर जात नाही, ती ओठांच्या कडेने सोडावी लागते, हे त्यांना आधी सांगावे; नाहीतर छातीत हवा कोंडते आणि चेहरा लाल होतो.

काही वाद्ये आणि सॉफ्टवेअर क्रमांक २ च्या जोडीला ३४ वापरून १४ बिटांचा, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांचा आकडा पाठवू शकतात. दोन्ही बाजूंना ते समजत असेल तर जरूर वापरा, पण मधले साधन ३४ कडे दुर्लक्ष करत नाही ना, हे मिडी-ऑक्स किंवा मिडी मॉनिटरमध्ये तपासा.

मींड नीट येत नाही. तिचा फुंकेशी संबंध आहे का?

थेट नाही, पण हा प्रश्न फुंकेच्या प्रश्नाबरोबरच येतो. मींड पिच बेंडच्या संदेशाने जाते आणि बहुतेक सिंथेसायझर सुरुवातीला त्याचा पल्ला दोन्ही बाजूंना २ अर्धस्वर ठेवतात. सा पासून शुद्ध म पर्यंतची मींड ५ अर्धस्वरांची असते, त्यामुळे ती अर्ध्यावर अडकते. प्लगइनमध्ये पल्ला १२ करावा आणि मग अंगठ्याचा किंवा ओठांचा संवेदक किती हलवायचा त्याचा नव्याने सराव करावा.

येथे अचूकतेचा हिशेब महत्त्वाचा आहे. पिच बेंडचा आकडा १४ बिटांचा असतो, म्हणून दोन्ही बाजू मिळून २४०० सेंटच्या (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) पल्ल्यात एक पायरी सुमारे ०.१५ सेंटची पडते, जी कोणालाही ऐकू येणार नाही. पण तुमचे वाद्य किंवा मधला प्रोग्रॅम त्यातले फक्त वरचे ७ बिट वापरत असेल तर एक पायरी सुमारे १९ सेंटची होते. ८१ : ८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती साधारण २१.५ सेंटची असते, म्हणजे मींडेत प्रत्येक पायरी जवळजवळ एका श्रुतीची होते आणि कोमल ऋषभावर आंदोलन घेताना जिना चढल्यासारखे वाटते. म्हणून ओठांच्या दाबाचा सीसी करून त्यातून पुन्हा पिच बेंड बनवण्याचा खटाटोप करू नये.

प्रत्येक स्वराची सुरुवात कधी धाडकन तर कधी दबकी होते. असे का?

स्वर सुरू होताना वाद्य व्हेलॉसिटीचा, म्हणजे स्वर किती जोराने सुरू झाला याचा, आकडाही पाठवते आणि तो त्या क्षणीच्या फुंकेवरून काढते. फुंक उंबरठा ओलांडते त्या क्षणी ती जेमतेम सुरू झालेली असते, त्यामुळे हा आकडा बेभरवशाचा असतो. काही वाद्ये तो सुधारण्यासाठी काही मिलिसेकंद थांबतात आणि तेवढा उशीर पदरात पडतो. आवाजाची पातळी फुंकच सांभाळत असेल तर व्हेलॉसिटी एका आकड्यावर, समजा १०० वर, बांधून टाकावी. शिवाय ध्वनी एकस्वरी आणि लेगॅटो ठेवावा, म्हणजे जीभ न मारता बोट बदलले तर स्वर नव्याने ठोकला जाणार नाही.

फुंक आणि आवाज यांत उशीर जाणवतो. फेरजुळणीमुळे होतो का?

क्वचितच. आकड्यांचे गणित नगण्य वेळात होते. उशीर बहुतेक वेळा ऑडिओच्या बफरमध्ये, म्हणजे आवाज वाजण्याआधी थोडा साठवण्याच्या जागेत, असतो. ४४,१०० च्या दराने ५१२ नमुन्यांचा बफर ११.६ मिलिसेकंद घेतो आणि २५६ चा ५.८. तेवढ्या ११.६ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे ४ मीटर जातो. म्हणजे भजनात पेटीवाला चार मीटरवर बसला असेल तर तुम्ही तेवढाच उशीर मुकाट्याने सोसत असता. विंडोजवर चांगला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर, घ्या, बफर २५६ किंवा १२८ वर आणा, आणि तडतड सुरू झाली तर एक पायरी मागे या.

ब्लूटूथ मिडीमध्ये दोन उपकरणांमधील भेटीचे अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असते आणि ते वाढतही असते. सरावाला ठीक, तबल्याबरोबर बसायचे असेल तर केबल. ब्लूटूथ हेडफोन मात्र सरावालाही घेऊ नयेत.

पावसाळ्यात वाद्य न फुंकता स्वतःच बोलते. बिघाड समजावा का?

लगेच नको. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटातले पुस्तकही दमट लागते, आणि वाद्यात तर आपण प्रत्येक फुंकेबरोबर वाफ सोडत असतो. नळीत पाणी साचले की शून्याची जागा सरकते. माझ्या वाद्यावर जुलैत न फुंकता ३ ते ४ दिसतात, तर मार्चमध्ये ०. वाजवून झाल्यावर मुखाची बाजू खाली करून पाणी निथळू द्यावे, मुख वेगळे पुसावे आणि वाद्य ओले असताना पेटीत बंद करू नये. फेरजुळणीत खालची मर्यादा पावसाळ्यापुरती दोन-तीनने वाढवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे म्हणून आकडे कमी येतात का, असेही एकाने विचारले होते. तसे होत नाही, कारण हे संवेदक सामान्यतः बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब मोजतात.

विकतचे वाद्य परवडत नाही. फुंकेचा संवेदक घरी बनवता येईल का?

येईल. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच बेळगावात असल्याने अभियांत्रिकीच्या मुलांची येथे वाण नाही, आणि हा प्रश्न मुख्यतः त्यांच्याकडूनच येतो. एमपीएक्सव्ही४००६ हा ० ते ६ किलोपास्कल दाब मोजणारा संवेदक या कामाला चांगला आहे. तो ५ व्होल्टवर चालतो आणि फुंक नसतानाही सुमारे ०.२२५ व्होल्ट देतो, त्यामुळे १० बिटांच्या वाचनात शून्य फुंकेला ४६ च्या आसपास आकडा दिसतो. तो दोष नाही. तेवढे वजा करूनच पल्ला काढायचा. आर्डुइनो लिओनार्डो किंवा टीन्सी घ्यावे, कारण ते संगणकाला थेट यूएसबी मिडी उपकरण म्हणून दिसू शकतात. साध्या ऊनोला ते सरळ जमत नाही. टीन्सीच्या ३.३ व्होल्टच्या पाटीला संवेदकाचे ५ व्होल्टचे टोक थेट जोडू नका, मध्ये दोन रोधांनी व्होल्टेज विभागा. सर्वांत मोठा फायदा असा की वक्र १० बिटांवरच लावता येतो आणि ७ बिटांवर उतरणे शेवटी होते, त्यामुळे सनईवाल्या मामांना आलेली पायऱ्यांची अडचण मुळातच बरीच कमी होते.

मोबाइलवर चालेल का?

अँड्रॉइड ६ पासून यूएसबी मिडीची सोय आहे आणि ओटीजी अडॅप्टरने वाद्य जोडता येते. फेरजुळणीची साधने आयपॅडवर जास्त चांगली आहेत. अँड्रॉइडवर आवाजाचा उशीर फोनागणिक बदलतो, त्यामुळे कार्यक्रमासाठी मी ते सुचवणार नाही.

कार्यक्रमात स्वर अडकून राहिला तर?

फुंक थांबल्याचा किंवा स्वर संपल्याचा संदेश वाटेत हरवला की असे होते. गणपतीच्या मांडवात वीज जाऊन जनरेटर सुरू होताना यूएसबी हब क्षणभर बंद पडतो आणि नेमके तेव्हाच हे घडते. वाद्याला वीज लॅपटॉपमधून थेट द्यावी, हब वापरू नये. सीसी १२३ सगळे स्वर सोडतो आणि सीसी १२० आवाज जागीच तोडतो. यांपैकी १२० एखाद्या पायपेडलवर ठेवावा. केबल पुन्हा लावल्यावर काही प्रोग्रॅम पोर्ट आपोआप उघडत नाहीत, म्हणून फेरजुळणीचा प्रोग्रॅम बंद करून परत सुरू करण्याचा सराव घरीच घड्याळ लावून करून ठेवावा.

एकाच वाद्यावर दोघे वाजवणार असतील तर?

प्रत्येकाची वेगळी सेटिंगची फाइल ठेवावी आणि नावात माणूस, वाद्याचा ध्वनी आणि महिना लिहावा. महिना पावसाळ्यासाठी. माझ्या लॅपटॉपवर आजही ‘मामा सनई जुलै’ आणि ‘मामा सनई मार्च’ अशा दोन फाइली आहेत. दोघींत खालची मर्यादा एवढाच फरक आहे, ६३ आणि ६०.